सुईला शीर दाखवणारा गणिताचा शिक्षक : ख्रिश्चन डॉप्लर



नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आला की आपण श्राव्यातीत ध्वनी, सोनार आणि सोनोग्राफी एवढं सांगून पुढे सरकतो. सोनोग्राफी म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर पोटातलं बाळ येतं, फार तर मुतखडा. या यंत्राचं आणखी एक काम आहे आणि ते घराघराशी जोडलेलं आहे. ते काम म्हणजे सलाईनची सुई शिरेत घालायला मदत करणं. आज या लेखात ज्याचं चरित्र सांगायचं आहे, त्याने आयुष्यात कधी सुई हातात धरली नाही. तो गणिताचा शिक्षक होता. पण मोठ्या दवाखान्यात अशी सुई घालताना डॉक्टर यंत्राचं जे बटण दाबतात, त्याला त्याचं नाव आहे.

आधी सुईचं बघू. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे पाहिलं असेल. जुलाब-उलट्यांनी सुकलेलं लहान मूल असतं. नर्सताई दंडाला पट्टा बांधतात, मनगटावर टिचक्या मारतात, मूठ आवळायला सांगतात, आणि तरी शीर सापडत नाही. एका हाताला टोचून झालं की दुसरा हात, मग पाय. यात टोचणाऱ्याचा दोष असतोच असं नाही. अंगातलं पाणी कमी झालं की शिरा चपट्या होतात. अंगाला सूज असेल, माणूस जाड असेल, किंवा केमोथेरपी, डायलिसिस अशा उपचारांसाठी वारंवार टोचून शिरा कडक झाल्या असतील, तर अनुभवी हातालाही त्या लागत नाहीत. आणि नेमकं ज्याला औषध लवकर जायला हवं, त्याचीच शीर हरवलेली असते.

मोठ्या आजारात याहून अवघड काम असतं. अतिदक्षता विभागात मानेतल्या मोठ्या नीलेत नळी घालावी लागते. या नीलेला अगदी लागून मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी असते. नीला म्हणजे शीर आणि रोहिणी म्हणजे धमनी, हे आपण शाळेत शिकवतो. तिथे मात्र त्या दोघींत जेमतेम बोटभर अंतर असतं, आणि दोन्ही कातडीखाली. जाड नळी चुकून रोहिणीत गेली तर रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूला इजा होऊ शकते. कितीतरी वर्षं डॉक्टर मानेचे स्नायू आणि हाडांच्या खुणा धरून, बोटाने नाडी चाचपून अंदाजाने ही सुई घालत. बहुतेक वेळा ती बरोबर जागी जाई. पण प्रत्येकाच्या शिरा पुस्तकातल्या चित्राप्रमाणे नसतात.

आता ज्याचं नाव त्या बटणाला आहे, त्याच्याकडे वळू.

ख्रिश्चन आंद्रियास डॉप्लर याचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावी झाला. घराणं पाथरवटांचं. सतराव्या शतकापासून दगड घडवण्याचा धंदा घरात चालत आलेला आणि त्यात बऱ्यापैकी नावही कमावलेलं. रीतीप्रमाणे ख्रिश्चननेही छिन्नी-हातोडी धरायची, पण पोरगा लहानपणापासून अशक्त. दगडाची धूळ आणि ओझी त्याला झेपणारी नव्हती. मग याचं करायचं काय, हा प्रश्न त्या बापासमोर आला. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात एखादं मूल किरकोळ निघालं की जी चर्चा होते, तीच तिथे झाली असावी.

त्याचं नशीब असं की गावातल्या गणिताच्या प्राध्यापकाचा सल्ला घेण्यात आला. या प्राध्यापकाचं नाव सिमोन श्टाम्फर. त्यांनी मुलाची गणितातली चमक ओळखली आणि त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवायला सांगितलं. १८२२ मध्ये तो तिथे गेला. तीन वर्षांनी परत आला, राहिलेलं शालेय शिक्षण पुरं केलं, शिकवण्या घेऊन खर्च भागवला. पुढे १८२९ पासून चार वर्षं तो व्हिएन्नात एका गणिताच्या प्राध्यापकाचा साहाय्यक होता. ही नोकरी आपल्या भाषेत कंत्राटी. मुदत संपली आणि तो घरी बसला.

इथून पुढचा भाग आपल्यातल्या तासिका तत्त्वावर राबलेल्या मंडळींनी जरा मन लावून वाचावा. तिशी गाठलेला हा माणूस कायम जागेसाठी अर्जांमागून अर्ज करत होता. त्या काळी तिथे शिक्षकांच्या जागा स्पर्धा परीक्षेने भरल्या जात. लेखी परीक्षा आणि वर्गात पाठ घेऊन दाखवणं, असं दोन्ही असे. डॉप्लर परीक्षा देत राहिला आणि निकालाची वाट पाहत राहिला. पोटासाठी त्याने सुताच्या गिरणीत दीड वर्ष हिशेबनिसाची नोकरी केली. १८३५ मध्ये त्याचा धीर सुटला. होतं नव्हतं ते विकून अमेरिकेला जायचं त्याने ठरवलं. म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. आणि नेमकी त्याच वेळी प्राग शहरातल्या एका तांत्रिक माध्यमिक शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं. पत्र आणखी थोडं उशिरा आलं असतं तर तो बहुधा जहाजावर असता.

प्रागमध्ये तो शाळेत अंकगणित, बीजगणित, भूमिती शिकवू लागला. १८३६ मध्ये त्याने साल्झबर्गच्याच एका सोनाराची मुलगी मॅथिल्डे श्टुर्म हिच्याशी लग्न केलं. त्यांना पाच मुलं झाली. पुढे प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला आधी बदली शिक्षक म्हणून आणि १८४१ मध्ये पूर्ण प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. म्हणजे कायम प्राध्यापक होईपर्यंत वयाची ३७ वर्षं गेली.

२५ मे १८४२ रोजी प्रागच्या विज्ञान संस्थेच्या बैठकीत त्याने एक निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा रंगीत प्रकाश. ऐकायला अगदी मोजकी माणसं होती. निबंधातला मुद्दा मुलांना सांगताना मी होडीचं उदाहरण घेतो. डिंभे धरणाच्या पाण्यात लाटा तुमच्याकडे येत आहेत असं समजा. होडी लाटांच्या दिशेने नेलीत तर त्या भराभर आदळतील. लाटांपासून दूर नेलीत तर दोन लाटांमधला वेळ वाढेल. लाटा त्याच, पण तुम्ही हललात म्हणून मोजणी बदलली. डॉप्लरचं म्हणणं असं की आवाज काय, प्रकाश काय, दोन्ही लाटाच आहेत. तेव्हा उगम किंवा ऐकणारा-पाहणारा हलत असेल, तर वारंवारिता बदललेली जाणवणारच. जवळ येताना आवाज चढा, लांब जाताना उतरता. प्रकाशाचं म्हणाल तर जवळ येताना निळसर, लांब जाताना तांबूस. आणि ही वारंवारिता किती बदलली ते मोजलं की उलट गणित करून वेग काढता येतो. या शेवटच्या वाक्यात सुईची सगळी गोष्ट आहे, ते लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. ज्या गोष्टीसाठी त्याने हे तत्त्व मांडलं, तिथे तो चुकला होता. आकाशात काही तारे तांबडे आणि काही निळे दिसतात ते त्यांच्या वेगामुळे, असं त्याला वाटलं. खरं तर ताऱ्याचा रंग त्याच्या तापमानामुळे असतो. ताऱ्यांचे वेग डोळ्यांना रंग बदललेला दिसावा एवढे मोठे नसतात. म्हणजे सूत्र बरोबर आणि उदाहरण चूक. आपण पेपर तपासताना अशा उत्तराला किती गुण दिले असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

त्याचं तत्त्व खरं की खोटं हे पाहायचं ठरवलं नेदरलँड्सच्या बाइस बॅलट या तरुण शास्त्रज्ञाने. त्याला डॉप्लरचं ताऱ्यांविषयीचं म्हणणं पटलेलं नव्हतं. १८४५ मध्ये त्याने उट्रेख्त ते ॲमस्टरडॅम या मार्गावर आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारी वाजवणारे उभे केले आणि रुळांच्या कडेला सुरांची पक्की जाण असलेले वादक बसवले. गाडीतल्यांनी एकच सूर धरायचा आणि खालच्यांनी काय ऐकू येतं ते लिहायचं. फेब्रुवारीत थंडी-बर्फामुळे प्रयोग फसला. जूनमध्ये पुन्हा केला आणि जमला. गाडी येताना सूर चढा ऐकू आला आणि जाताना उतरलेला. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही, कारण १०८ रुग्णवाहिकेचा भोंगा रोज कानावर पडतो. श्रावणात घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांचे कर्णे रस्त्याकडेला उभं राहून ऐका. प्रयोगशाळा लागत नाही. पण १८४५ मध्ये जगात एवढ्या वेगाने धावणारं आणि एकसारखा सूर काढणारं काहीच नव्हतं. आगगाडी नवी होती, म्हणूनच हा प्रयोग होऊ शकला.

इकडे डॉप्लरचं काय चाललं होतं? तो परीक्षा घेत होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या चरित्रात बहुतेक जण तारे आणि आगगाडी सांगतात आणि हे गाळतात. पॉलिटेक्निकमध्ये वर्गात शेकडो विद्यार्थी. प्रत्येकाची लेखी आणि तोंडी परीक्षा एकट्याने घ्यायची. आठवडेच्या आठवडे सकाळ-संध्याकाळ तोंडी परीक्षा चाले. वरून विद्यार्थ्यांनी तक्रार केली की हे सर फार कडक तपासतात. चौकशी झाली आणि त्याला समज मिळाली. आधीच नाजूक असलेली प्रकृती यात ढासळली. १८४४ पासून त्याला दीर्घ रजा घ्यावी लागली आणि १८४६ मध्ये तो पुन्हा वर्गात उभा राहिला. बाइस बॅलटचे तुतारीवाले उट्रेख्तला त्याचं तत्त्व सिद्ध करत होते, त्या दिवसांत डॉप्लर आजारी रजेवर होता.

त्याच्या छातीचा विकार कशाने वाढला ते आज ठरवता येणार नाही. पण दगडाच्या धुळीतून ज्याला वाचवलं, त्याला खडूच्या आणि परीक्षांच्या ओझ्याखाली घातलं, एवढं मात्र दिसतं. सरल पोर्टल, ऑनलाइन माहिती, निवडणूक यादी आणि मूल्यमापनाचे तक्ते यांत गुरफटलेल्या आपल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१८४७ मध्ये तो प्राग सोडून शेम्नित्झ या खाणींच्या गावी खनिकर्म विद्यालयात गेला. हे गाव आज स्लोव्हाकियात येतं. तिथे जरा स्वस्थता मिळेल असं वाटलं, तर १८४८ ची क्रांती आणि तिच्या मागोमाग लढाई आली. तिथूनही हलावं लागलं. १८४९ मध्ये व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. ती जागा श्टाम्फर यांची होती, ज्यांनी त्याला लहानपणी ओळखलं त्यांचीच. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्राची नवी संस्था निघाली आणि सम्राटाने डॉप्लरला तिचा पहिला संचालक नेमलं. हिशेबनीस ते संचालक हा प्रवास साधारण पंधरा-सोळा वर्षांचा.

या संस्थेत १८५१ मध्ये एक पाद्री शिकायला आला. आदल्या वर्षी तो शिक्षक पात्रतेच्या परीक्षेत नापास झाला होता. त्याचं नाव ग्रेगोर मेंडेल. आपण आनुवंशिकता शिकवताना ज्याच्या वाटाण्यांची गोष्ट सांगतो तोच हा. प्रयोगाधारित भौतिकशास्त्र तो डॉप्लरकडे शिकला. पुढे मेंडेलने वाटाण्याची रोपं मोजून त्यातून गुणोत्तरं काढली. जीवशास्त्रात असं मोजायची सवय तेव्हा फारशी नव्हती. ती सवय त्याला व्हिएन्नाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात लागली असणार, असं मला वाटतं.

सुखाचे दिवस दोनच वर्षं टिकले. व्हिएन्नातले एक वजनदार गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी १८५२ मध्ये डॉप्लरच्या तत्त्वावर हल्ला चढवला. हे पेट्झवाल म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगासाठी नावाजलेले, साधे गृहस्थ नव्हेत. एवढं मोठं तत्त्व दोन-चार ओळींच्या बीजगणितात कसं मावेल, असा त्यांचा आक्षेप होता. मोठ्या सत्याला मोठी समीकरणंच लागतात, ही समजूत. विज्ञान अकादमीत वाद झाला आणि बाजू पेट्झवाल यांच्याकडे झुकली. तोवर डॉप्लरला बोलणंही जड जात होतं. नोव्हेंबर १८५२ मध्ये हवापालटासाठी तो इटलीत व्हेनिसला गेला. १७ मार्च १८५३ रोजी तिथेच त्याचं निधन झालं. वय ४९. मागे पत्नी आणि पाच मुलं.

चरित्र इथे संपतं. पण सुई अजून शिरेपर्यंत पोचलेली नाही, म्हणून पुढचं सांगतो.

१८८० मध्ये फ्रान्समध्ये पिअर आणि जॅक क्युरी या भावांना असं आढळलं की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. उलट वीज दिली की ते स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतात, हेही लवकरच कळलं. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये हाच गुण असलेला पदार्थ असतो. तो स्वतःच आवाज करतो आणि स्वतःच प्रतिध्वनी ऐकतो. १९५० च्या दशकात जपानमध्ये ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी असा श्राव्यातीत ध्वनी धडधडणाऱ्या हृदयावर आणि वाहत्या रक्तावर सोडला आणि परत आलेल्या ध्वनीची वारंवारिता तपासली. ती बदललेली होती. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे जणू तुतारी घेऊन गाडीत बसलेले वादक. त्या प्रोबकडे येत असतील तर प्रतिध्वनी चढा, लांब जात असतील तर उतरता.

थोडं आकडेमोडीचं, वर्गात फळ्यावर करता येईल असं. प्रोबची वारंवारिता ५० लाख हर्ट्झ, रक्ताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर आणि प्रोब व रक्तप्रवाह यांत ६० अंशांचा कोन. वारंवारितेतला फरक म्हणजे दोन गुणिले वारंवारिता, गुणिले वेग, गुणिले कोनाची कोज्या, भागिले आवाजाचा वेग. उत्तर येतं साधारण १६०० हर्ट्झ. आता विचार करा, ५० लाख हर्ट्झ कुणालाच ऐकू येत नाही, आपला कान २० हजारांवर थांबतो. पण हा फरक मात्र आपल्या कानाच्या बरोबर टप्प्यात आहे. म्हणून यंत्राला नुसता छोटा स्पीकर जोडला की रक्त वाहताना ऐकू येतं. गरोदरपणात बाळाचे ठोके ऐकवतात ते यंत्र याच तत्त्वावर चालतं.

रोहिणीचा आवाज नाडीबरोबर सूं-सूं असा ठेक्यात येतो. नीलेचा आवाज वाऱ्यासारखा सलग असतो आणि श्वासाबरोबर कमी-जास्त होतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भूलतज्ज्ञांनी हे कानाने ओळखून मानेतली नीला शोधायला सुरुवात केली. म्हणजे सुईला सोनोग्राफीची पहिली मदत चित्राची नव्हती, आवाजाची होती. पडद्यावरचं चित्र नंतर आलं. २००२ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य संस्थेने मानेच्या नीलेत नळी घालताना सोनोग्राफीचं चित्र वापरावं अशी शिफारस केली आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली.

आजची रीत साधारण अशी असते. कातडी निर्जंतुक करतात, जेल लावतात आणि चपटा प्रोब ठेवतात. पडद्यावर रक्तवाहिन्या काळ्या गोल टिकल्यांसारख्या दिसतात. प्रोबने हलकेच दाबलं की नीला चपटी होऊन मिटते, रोहिणी मात्र गोल राहून उडत राहते. शंका असली की डॉप्लरचं बटण दाबायचं. मग प्रवाह रंगात दिसतो. इथे एक गैरसमज फार होतो. लाल म्हणजे रोहिणी आणि निळा म्हणजे नीला, असं पुस्तकातल्या रंगीत आकृत्यांमुळे सगळ्यांना वाटतं. यंत्रातला लाल म्हणजे साधारणपणे प्रोबकडे येणारं रक्त आणि निळा म्हणजे लांब जाणारं. प्रोब उलटा कलवला की तीच रक्तवाहिनी लालाची निळी होते. म्हणून जाणता डॉक्टर रंगावर न जाता ठेका बघतो. मग सुईचं टोक पडद्यावर दिसत ठेवून ते शिरेत जाईपर्यंत पुढे सरकवायचं. मनगटातल्या रोहिणीत रक्तदाब सतत मोजण्यासाठी नळी घालतात, तिथेही हीच रीत.

पालकांनी मात्र हे वाचून प्रत्येक सलाईनला सोनोग्राफीचा आग्रह धरू नये. हात बघून, चाचपून शीर सापडत असेल तर तेच चांगलं आणि पटकन होणारं. यंत्र लागतं ते अवघड शिरांना आणि खोलवरच्या नळ्यांना. आणि ते चालवायला सराव लागतो. एका हातात प्रोब, दुसऱ्यात सुई आणि नजर पडद्यावर, हे सायकल शिकण्यासारखं आहे. पण तुमच्या माणसाची शीर पूर्वी कधी सापडली नसेल, तर टोचायच्या आधीच तसं सांगा. आणि मोठ्या दवाखान्यात असाल तर सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालता येईल का, एवढं विचारायला हरकत नाही. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

यंत्र सगळीकडे का नाही, याला पैसा आणि प्रशिक्षणाखेरीज आपल्याकडे एक वेगळंही कारण आहे आणि ते आपणच निर्माण केलेलं आहे. सोनोग्राफीचा वापर मुलगी पोटातच ओळखून तिला नाकारण्यासाठी झाला. म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला. गर्भाचं लिंग ओळखण्यासाठी वापरता येईल असं कोणतंही सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही आणि ते वाटेल तिथे हलवण्यावरही बंधनं आहेत. शीर शोधायला यंत्र घेणाऱ्या भूलतज्ज्ञालाही ही नोंदणी चुकत नाही. बंधन योग्यच आहे. पण त्याची किंमत कधीकधी टोचून टोचून निळ्या पडलेल्या हातांना मोजावी लागते, हेही खरं.

आणि डॉप्लरच्या ताऱ्यांचं पुढे काय झालं, तर त्यासाठी आपल्याला शेजारच्या जुन्नर तालुक्यात जावं लागेल. खोडदची जीएमआरटी दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. अवकाशातल्या हायड्रोजन वायूपासून २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी निघतात. त्या वायूच्या हालचालीमुळे ही लांबी थोडी कमी-जास्त झालेली भरते आणि त्यावरून वायू कुठे आणि किती वेगाने चालला आहे ते काढतात. ताऱ्यांच्या रंगाबद्दल चुकलेल्या माणसाचं सूत्र खोडदला रोज वापरात आहे. फेब्रुवारीच्या अखेरीला विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन असतं, मुलांना जरूर न्या.

शेवटी वर्गात करायचा एक प्रयोग. नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा बझर घ्या, दोन्ही जुन्या मोज्यात घालून तोंड घट्ट बांधा आणि त्याला दीड मीटर मजबूत दोरी बांधा. मैदानावर एका मोठ्या मुलाला ती डोक्यावरून गोल फिरवायला सांगा. बाकीची मुलं दहा-पंधरा पावलं लांब उभी करा. त्यांना आवाज चढता-उतरता ऐकू येईल. मग फिरवणाऱ्याला विचारा, तुला काय ऐकू येतंय? त्याला एकसारखा आवाज येतो, कारण बझर त्याच्या जवळही येत नाही आणि लांबही जात नाही. मुलं यावर हमखास वाद घालतात, तेव्हा जागा बदलून प्रत्येकाला मध्ये उभं करा. प्रोब शिरेला अगदी काटकोनात धरला की यंत्रालाही वाहतं रक्त असंच थांबलेलं वाटतं. नव्वद अंशांची कोज्या शून्य असते. म्हणून डॉक्टर मनगट जरासं कलवतात, आणि मग पडद्यावर रंग येतो.